बाई-गुरुजींच्या आठवणी रविवारपर्यंत पाठवा

मंडळी, परत एकदा आठवण करतोय. लालबाग-परळच्या आपल्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेतल्या बाई-गुरुजींच्या आठवणी रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज पण चालेल. गिरणीचा भोंगा वाजला की आमच्या बाई पाढे थांबवायच्या आणि तो संपला की बरोब्बर तिथूनच पुढे सुरू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार घरी, वर्गातली कितीतरी पोरं गावाला गेली, तेव्हा ह्याच बाई चाळीत येऊन आईला म्हणाल्या की पोराचं नाव काढू नका, आणि वह्या स्वतःच्या पैशाने दिल्या, कसं विसरणार. जुने फोटो असतील तर इयत्ता नक्की लिहा. ५ सप्टेंबरला बाईंच्या घरी जाऊन सगळं वाचून दाखवायचंय.