बर्न-इन ३०० तासांचं, परतीची मुदत दहा दिवसांची

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ४८,००० रुपयांच्या स्पीकर केबलचे पैसे परत न केल्याबद्दल आणि माहितीपत्रकातल्या दाव्यांबद्दल

महोदय,

माझ्या साठीनिमित्त माझ्या मुलीनं तुमच्या मुंबईच्या शोरूममधून तीन मीटरची, चांदीचा मुलामा दिलेली स्पीकर केबलची जोडी ४८,००० रुपयांना घेतली. बिल तिच्या नावावर आहे. तिचं संमतीपत्र सोबत जोडलं आहे. निवृत्त होईपर्यंत मी नाट्यगृहांत आणि गाण्याच्या बैठकींत ध्वनिव्यवस्था सांभाळली आहे, तेव्हा वायर म्हणजे काय हे मला नव्यानं समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या दोन्ही ईमेलमध्ये तोच प्रयत्न झाला, म्हणून आधीच सांगतो.

आधी व्यवहाराचं. तुमच्या अटींप्रमाणे माल दहा दिवसांत परत घेतला जातो. त्याच खोक्यात आणखी एक कागद निघाला. केबल ३०० तास वाजवून ‘बर्न-इन’ झाल्याशिवाय तिचा खरा आवाज कळत नाही, असं त्यावर छापलं आहे. रात्रंदिवस अखंड वाजवली तरी ३०० तासांना साडेबारा दिवस लागतात, आणि आमच्या इमारतीत लोक झोपतात. मुदतीच्या आत फोन केला तेव्हा तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “काका, घाई करू नका, अजून बर्न-इन व्हायचंय.” नंतर फोन केला तेव्हा म्हणाले, “मुदत संपली.” आंबे अढीत आहेत तोवर चव विचारू नका, आणि पिकले की परत आणू नका, असा हा न्याय झाला. शिवाय नव्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड वापरानं थोडी सैल होते हे मान्य. तांब्याच्या तारेत सैल व्हायला आहे काय?

आता माहितीपत्रक. ‘तानपुऱ्याची जवारी खुलते, तबल्याची चाट सुटी ऐकू येते, खर्जाला वजन येतं’ असं त्यात मराठीत लिहिलं आहे (जवारी म्हणजे तारेची झणझणती गुंज, चाट म्हणजे तबल्याच्या काठावरचा नाद, खर्ज म्हणजे खालचे सूर). बैठकीला जाणाऱ्या माणसाला नेमकं कुठे गाठायचं हे ज्यानं लिहिलं त्याला बरोबर ठाऊक होतं. म्हणूनच त्याचा हिशेब मांडतो.

लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या. तीन मीटर जाणं आणि तीन मीटर येणं धरून तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ०.०४ ओम होतो. ८ ओमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाजाची पातळी डेसिबलच्या विसाव्या भागाहूनही कमी घटते. म्हणजे तुमची वायर राहू द्या, शून्य रोधाची वायर कुणी आणून दिली तरी सुधारायला जागा आहे ती एवढीच. आणि त्या वायरच्या पुढे स्पीकरमध्ये काय आहे? केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, ज्यांचा रोध ६ ओमच्या आसपास भरतो. त्याच्याआधी क्रॉसओव्हरची, म्हणजे उंच आणि खालचे सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या सर्किटची कॉइल, तीही तांब्याचीच. मूळ गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोनपासून मिक्सरपर्यंतची केबलही तांब्याचीच होती. या सगळ्यातून जवारी तरली, आणि शेवटच्या तीन मीटरमध्येच तिला चांदी लागते?

चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो, हे खरं. तांब्याची वायर तेवढी जाड घेतली की काम झालं. केबलनं फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर हॉलमध्ये १५ मीटर खेचून तिच्यावर ४ ओमचा स्पीकर लावा, आवाज बसलेला कुणालाही कळेल. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, जोड खराब होतात, म्हणून पिनांना सोन्याचा मुलामा असणंही समजू शकतो. पण हे काही शे रुपयांत भागतं.

वायरवरच्या बाणाबद्दल विचारलं तर उत्तर आलं की ‘सिग्नलच्या दिशेनं’ लावा. शील्ड, म्हणजे बाहेरची खरखर अडवणारं धातूचं आवरण, एकाच टोकाला जोडलेली असेल अशा इंटरकनेक्टवर, म्हणजे दोन उपकरणं जोडणाऱ्या केबलवर, बाणाला अर्थ असतो. तुमच्या स्पीकर केबलला शील्डच नाही, आणि तिच्यातून जाणारा प्रवाह दर सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट होतो. बाणानं त्याला कुठली वाट दाखवायची?

तुमचं शेवटचं उत्तर होतं की माझी सिस्टिम ‘या केबलच्या दर्जाची नाही’. असं होतं तर विकण्यापूर्वी विचारायला हवं होतं. माझ्या मुलीला फक्त एवढंच विचारलं गेलं की कार्ड की यूपीआय.

२००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी या, चमत्काराचे दावे तपासणाऱ्या जादूगारांनी ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकर केबलचा फरक न पाहता, केवळ ऐकून ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही. माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. प्रस्ताव मात्र तसाच आहे. तुमचा कुणीही जाणकार घरी पाठवा. वायर पडद्यामागे बदलली जाईल, दोन्हींची पातळी मीटर लावून सारखी केली जाईल, रेकॉर्ड त्यांच्या पसंतीची. वीसपैकी किमान पंधरा वेळा त्यांनी बरोबर ओळखलं तर तक्रार मागे घेईन. नुसत्या अंदाजानं तेवढं जमण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे, म्हणजे नुसतं नशीब पुरणार नाही, पण ज्याला फरक खरंच ऐकू येतो त्याला अट काही जाचक नाही. चहा-पोहे माझ्याकडून.

हे नको असेल तर केबल परत घेऊन माझ्या मुलीच्या खात्यात ४८,००० रुपये जमा करावेत, आणि जवारी, चाट, खर्ज यांबद्दलच्या दाव्यांमागची मोजमापं लेखी पाठवावीत. नसतील तर ती वाक्यं पत्रकातून काढावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणि कृपया उत्तरात ‘बर्न-इन’ हा शब्द नको.

आपला,
एक ग्राहक, दादर

सोबत: बिलाची प्रत, संमतीपत्र, खोक्यातले दोन्ही कागद, दोन्ही ईमेलच्या प्रती