अण्णांचा कागद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आपला रास्ता रोकोचा खटला अखेर निकाली निघाला. सरकारी वकिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१खाली तो मागे घेण्याची परवानगी मागितली, न्यायाधीशांनी दिली, आणि आपण निर्दोष सुटलो. जीवितहानी नाही आणि नुकसान पाच लाखांच्या आत, या शासनाच्या दोन्ही अटींत आपण बसलो. आपण तर एक काचही फोडली नव्हती.

गावात "सरकारने माफ केले" म्हणून पेढे वाटले गेले, त्याचा मला फार त्रास झाला. राज्यपाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१खाली माफी देतात ती गुन्हा शाबीत झालेल्याला. आपल्यावर काय शाबीत झाले होते? २०१२च्या दुष्काळात जायकवाडीने तळ गाठला असताना वरच्या धरणांतून आमच्या हक्काचे पाणी सोडा, एवढेच आपण मागत होतो. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५च्या कायद्यात आधीच होते. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मागणी अशी न्यायालयात टिकली, मागणी करणारे मात्र तारखांना उभे राहत होते, तेही वाट अडवल्याच्या, जुन्या दंड संहितेतल्या कलम ३४१साठी, ज्याची शिक्षा फार तर महिनाभर साधी कैद किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही एवढीच होती.

आमदारांना पुढे बसवू या, असा हट्ट तू धरला होतास आणि त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो, ते आठवते ना? ते आरोपी असते, तर २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांच्यावरचा खटला मागे घेता आला नसता. या एका बाबतीत तरी आता माझे म्हणणे मान्य कर.

पण मन अडले आहे ते अण्णांपाशी. निकालाच्या प्रतीत आपल्या नावांपुढे निर्दोष मुक्तता आहे. आरोपी क्रमांक चारपुढे "मयत, केस अबेट", म्हणजे आरोपी वारल्याने खटला संपला, एवढेच आहे. ज्वारीची काढणी टाकून जो माणूस पहिल्या एसटीने येई, पुकारा होईपर्यंत धोतराचा सोगा सावरत कोर्टाच्या पायरीवर बसे आणि एकही तारीख चुकवत नसे, तो कागदावर ना दोषी ना निर्दोष. त्यांचा थोरला परवा घरी आला आणि म्हणाला, "दादा, आमच्या बापाचा सुटल्याचा कागद द्या." असा कागद कायद्याने निघतच नाही, हे मला त्याला सांगता आले नाही. चहा पाजून त्याला परत पाठवले आणि रात्रभर तळमळत राहिलो.

माझी तब्येत ठीक आहे. तुझ्या पासपोर्टची अडचण आता दूर होईल. निकालाची प्रमाणित प्रत सोबत पाठवतो आहे. लेकीकडे एकदा जाऊन या, वहिनींना नमस्कार सांग.

त्याआधी मात्र दोन दिवस इकडे ये. अण्णांच्या थोरल्याशी तू आणि मी मिळूनच बोलले पाहिजे, आणि त्या दिवशी अण्णा रस्त्यावर का बसले होते, ते आपल्या दोघांच्या सहीने लिहून त्याच्या हाती दिले पाहिजे. कोर्टात त्याला किंमत नसेल, पण त्या घरात असेल. येण्याचा दिवस कळव, मी फाट्यावर घ्यायला येतो.

तुझाच,
दादा