भिंत न फोडल्याबद्दल, वायरमनकाका

स.न.वि.वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून सुटका करून घेता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांत.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दिव्याचं बटण हीच घरातली मोठी अडचण होऊन बसली. बोर्ड दाराशी, पलंग समोरच्या भिंतीला. रात्री उठायचं तर अंधारातच वॉकर घेऊन आठ पावलं. तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांनी भिंत फोडून नवी पाइप टाकायचा हिशेब हातात ठेवला. आमचा वाडा गोदाघाटाजवळचा, भिंत दोन फुटी, मातीत बांधलेली. गोदेला पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आमच्या खालच्या खोल्यांत ओल आलीच म्हणून समजा. अशा भिंतीला छिन्नी लावली असती तर गिलावा कुठपर्यंत सुटला असता, देव जाणे.

तुम्ही बोटानं भिंत वाजवून पाहिलीत आणि म्हणालात, "ताई, हिला हात नको." मोठं काम समोर असताना ते नको म्हणणारा वायरमन मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग पिशवीतून ते पांढरं बटण काढलंत. त्याला वायर नाही, सेलही नाही. दाबलं की आतलं चुंबक वेटोळ्यापाशी हलतं, त्यातून क्षणभर वीज तयार होते आणि तेवढ्यावर रेडिओचा संदेश जातो. तो पकडणारी डबी तुम्ही वर दिव्यापाशी बसवलीत, फेज आणि न्यूट्रल तिथलेच घेऊन. बटणात घरची लाइट येतच नाही, त्यामुळे ओल्या भिंतीवरही शॉकची भीती नाही, हे तुम्ही सासूबाईंना तीनदा समजावलंत. विकत घ्यायच्या आधी तुमचं स्वतःचं बटण घेऊन जिन्याखालपर्यंत जाऊन दाबून पाहिलंत, एवढ्या जाड भिंतीतून पोचतं का ते. पोचलं. आता त्याच दिव्याला दोन बटणं आहेत, एक पलंगाशी, एक जिन्याखाली.

दुसऱ्या रात्री मात्र फजिती झाली. पलंगावरून टकटक चाललेली आणि दिवा ढिम्म! दहा वाजता तुम्हाला उठवलं. तुम्ही एकच विचारलंत, "दाराजवळचं जुनं बटण वर आहे का?" वरच होतं. आमच्या यजमानांनी तीस वर्षांच्या सवयीनं झोपायच्या आधी ते बंद केलेलं. डबीला लाइटच मिळत नव्हती. सकाळी येऊन तुम्ही बोर्डामागे ती लाइन कायमची चालू करून जुन्या बटणाच्या जागी कोरी पट्टी बसवलीत. त्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत.

आणखी एक. मी हौसेनं गीझरलाही तसंच बटण लावा म्हणाले, तर सरळ नाही म्हणालात. ती डबी दिव्यापुरती, गीझरचा भार तिला झेपायचा नाही. वर हेही ऐकवलंत की बिनवायरीचं बटण लावल्यानं जुनी वायर नवी होत नाही. स्वयंपाकघरातली कडक झालेली वायर बदलावीच लागेल. तेव्हा राग आला होता. दिवाळीआधी ते काम काढतोय, तुमच्याकडूनच.

सासूबाईंना आता देवघरातल्या बल्बलाही एक बटण हवंय. गणपतीच्या आत जमतंय का बघा. आणि या खेपेला येण्याजाण्याचे पैसे धरा.

तुमची,
वाड्यातली ताई