त्याला त्याच्या नावानं हाक मार

सोलापूर

चि. प्रथमेश,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगितलं असतं तर "हो गं आई, कळलं" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे. एका जागी बसून वाच.

दिवाळीत जेवताना तू होस्टेलच्या गमती सांगत होतास. तुमच्या मजल्यावरच्या अरुणाचलच्या मुलाला सगळे 'चायनीज' म्हणतात, त्याला त्याचं काही वाटत नाही, तोही हसतो. पाहुण्यांसमोर तुझा पाणउतारा नको म्हणून तेव्हा बोलले नाही.

तो हसतो, कारण एवढ्या पोरांत तो एकटा आहे आणि त्याला तिथं चार वर्षं काढायची आहेत. चिडला तर 'याला गंमत कळत नाही' हेही वर ऐकून घ्यायचं. तुला तरी हे कळायला हवं होतं. पहिल्या वर्षी तुझ्या सोलापुरी 'काय बे'ची नक्कल करून पोरं खिदळायची, तेव्हा कॉलेज बदलतो म्हणून तूच फोनवर रडत होतास ना? मग तू 'बे' म्हणायचं सोडलंस. (पुण्यात तरी. घरी आलास की उंबऱ्यातच तोंडातून सुटतं.) त्या मुलानं काय सोडायचं? डोळे, की नाक?

निडो तानिया हे नाव तुला माहीत नसेल, तू तेव्हा लहान होतास. तोही अरुणाचलचाच विद्यार्थी. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात पत्ता विचारायला एका दुकानात गेला. तिथं त्याच्या केसांवरून टिंगल सुरू झाली, त्यानं रागानं काच फोडली आणि लोकांनी त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. बाप आमदार होता, तरी पोरगं वाचलं नाही. मग सरकारनं ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी समजून घ्यायला बेझबरुआ समिती नेमली, तिनं अहवाल दिला, आणि २०२० साली कोरोना आला तसे तिकडच्याच मुलांना रस्त्यात 'कोरोना, कोरोना' म्हणून ओरडणारेही निघाले. तू म्हणशील, आम्ही कुठं कुणाला मारतोय? त्या दुकानातही सुरुवात हसण्यानंच झाली होती.

आणि 'चायनीज' ही चिडवायची गोष्ट, तीही सोलापूरच्या पोराच्या तोंडी? भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक तू कितीदा पाहिलंयस. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. आपल्या गावचा माणूस, ना त्यांची भाषा येत होती ना त्यांच्यासारखा चेहरा. ते तिथली भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी, गुओ छिंगलान यांच्याशी, लग्न केलं, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले. वय अवघं ३२. चिनी लोकांनी त्यांचा पुतळा उभारला. आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या या माणसाला त्यांनी आपलं म्हटलं. तुमच्या मजल्यावरचा मुलगा तर परदेशातूनही आलेला नाही, आपल्याच देशातला आहे. आणि असता परदेशातला, तरी काय बिघडलं असतं?

बाबांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, वर्णद्वेष गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तसलं काही नाही. मी म्हटलं, सेटलमेंटकडे एक चक्कर मारून या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तीच ही सेटलमेंट; रोज हजेरी घेतली. आत जन्मलेलं तान्हं बाळही गुन्हेगार जमातीतलंच. तो कायदा १९५२ साली गेला. पण आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात एक बाई शिलाईच्या कामासाठी आली होती. हात सफाईदार, बटणपट्टी तर अशी की बघत राहावं. सेटलमेंटचा पत्ता ऐकला आणि सुपरवायझर म्हणाला, कळवतो. त्यानं कळवलं नाही ते नाहीच. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, त्या सुपरवायझरच्या डोक्यातलं कुंपण कुणी घातलं मग? (तुझ्या काकूला सून गोरीच हवी आहे. तिच्याशी मी वेगळी भांडणार आहे.)

आता तू काय करायचं ते सांगते. भाषण नको ठोकूस, तुझ्या भाषणाला ती पोरं अजून हसतील. त्याला त्याच्या नावानं हाक मार, सगळ्यांसमोर, रोज. मोबाइलमध्ये त्याचा नंबर ज्या नावानं ठेवलायस ते आज बदल. कुणी चिडवलं तर तू हसू नकोस. एक जण हसला नाही तरी विनोद निम्मा मरतो, हे मी बायकांच्या घोळक्यात पाहिलंय. तुझा जवळचा मित्र असेल तर त्याला बाजूला घेऊन सांग, चारचौघांत नको. आणि प्रकरण धक्काबुक्कीवर गेलं, किंवा त्याला मेसच्या टेबलावरून उठवू लागले, तर थेट वॉर्डनकडे जा. रंग, वंश, जात, धर्म, भाषा, जन्मठिकाण यांवरून छळणं किंवा वाळीत टाकणं हे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१६ पासून रॅगिंगमध्ये धरलंय. मात्र आधी त्या मुलाला विचार. त्याच्या वतीनं परस्पर शूर होऊ नकोस. तक्रारीनंतर त्याच खोलीत झोपायचं त्याला असतं.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा त्यालाही विचार. नंदीध्वजांची मिरवणूक त्यानं पाहिली नसणार. नाही म्हणाला तर आग्रह नको. येणार असेल तर दोन दिवस आधी निघा, हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं मी काढते. त्याचं पूर्ण नाव आणि वय कळव, आणि जेवणात त्याला काय चालतं तेही. आपली शेंगाचटणी तिखट असते, त्याला आधीच सांगून ठेव.

मेसचे पैसे सोमवारी टाकलेत. मिळाले का ते कळव.

तुझी
आई