पाच टनांची कांदाचाळ घरच्या घरी बांधता येते, पण मापं पाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ कांदा काढणीला आला की भावाची चर्चा सुरू होते. ऑगस्टमध्ये कांदाचाळीबाहेर (कांदा साठवायच्या हवेशीर मांडवाबाहेर) ओतलेल्या सडक्या कांद्याची छायाचित्रं छापून येतात. मधल्या चार महिन्यांत तो कांदा कशात ठेवला होता, हे मात्र कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी कांदा सडतो तो चाळीच्या चुकीच्या मापांमुळे. दुसरं म्हणजे, एकरा-दीड एकराचा शेतकरी चाळ म्हणजे मोठ्या बागायतदाराचं काम समजून झाडाखाली ढीग घालतो, नाहीतर पडेल त्या भावात कांदा विकून मोकळा होतो. पाच टनांची चाळ घरामागच्या मोकळ्या जागेत दोन-तीन माणसांना बांधता येते. तिची मापं आणि कारणं इथे देत आहे.

आधी कारण समजून घ्यावं. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतो. ही गरम हवा ढिगातून वर जाते आणि तिच्या जागी कोरडी हवा खालून यावी लागते. म्हणून तळ जमिनीपासून दोन फूट वर आणि चारही बाजूंनी उघडा हवा. अनेक जण चाळ भक्कम व्हावी म्हणून हीच दोन फुटांची जागा विटांनी बंद करतात. मग ढिगाच्या पोटात ऊब धरते, जुलैचा दमटपणा त्यात भरतो, आणि सड सुरू झाल्याचं कळतं ते तळाच्या फटींतून पाणी टिपकायला लागल्यावर. तोवर आतला कांदा गेलेला असतो.

रुंदीचंही तसंच. ढीग चार फुटांपेक्षा रुंद नको आणि पाच फुटांपेक्षा उंच नको. बाजूने येणारा वारा चार फुटांच्या ढिगात मध्यापर्यंत पोचतो, सहा-सात फुटांच्या ढिगात पोचत नाही. तेवढ्याच पत्र्याखाली जास्त माल बसतो म्हणून रुंदी वाढवली जाते आणि मधला पट्टा सडतो. उंची वाढवली की खालचा कांदा दाबाने चेपतो.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर जागेत साधारण ६०० किलो कांदा बसतो. चार फूट रुंद, पाच फूट उंच आणि १६ फूट लांब कप्पा म्हणजे ३२० घनफूट, सुमारे नऊ घनमीटर. त्यात पाच टन, म्हणजे ५० क्विंटल कांदा सहज मावतो. ही झाली एकपाखी, म्हणजे एकाच ओळीची चाळ. तिची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे पश्चिमेचा वारा चार फुटांच्या रुंदीतून आरपार जातो. शेजाऱ्याची २५ टनांची दोनपाखी (दोन ओळींची) चाळ पूर्व-पश्चिम असते, ती पाहून एकपाखीही तशीच बांधू नये. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी असावी. चाळीच्या पश्चिमेला घराची भिंत किंवा उसाचा फड असेल तर वारा अडतो. उकिरडा आणि गोठ्याचा ओलावाही लांब हवा.

आता सांगाडा. चार-चार फुटांवर पाच चौकटी, म्हणजे दहा खांब. त्यासाठी ५० × ५० × ६ मिमीचे, सहा मीटर लांबीचे दहा लोखंडी अँगल (काटकोनी पट्ट्या) पुरतात, फक्त कापणी विचार करून करावी. पाच अँगलमधून प्रत्येकी साडेअकरा फुटांचा एक खांब (पूर्वेच्या बाजूचा) आणि चार फुटांचे दोन तुकडे निघतात. एक तुकडा तळाच्या आडव्या तुळईला, दुसरा अर्धा करून पागोळीच्या, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या, तिरक्या टेकूंना. उरलेल्या पाच अँगलमधून साडेदहा फुटांचा खांब (पश्चिमेच्या बाजूचा) आणि नऊ फुटांचा वासा निघतो. कापल्यावर जेमतेम दोन-तीन इंचांचे तुकडे उरतात. वजन सुमारे २७० किलो भरतं.

खड्डे सव्वा फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल घ्यावेत. काळ्या जमिनीत तीन फूट खणून तळाचा एक फूट मुरूम-दगडाने धुमसून भरावा, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि खांब कलतात. खांबाच्या पायाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड करावा. वळवाच्या वादळात चाळ वर उचलली जाते, तेव्हा नुसता गुळगुळीत अँगल काँक्रीटमधून उपसून येतो. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). दहा खड्डे आणि तळाखालचे पाच विटांचे खांब धरून सिमेंटच्या सात-आठ गोण्या, वाळू २० घनफूट, खडी ३० घनफूट आणि विटा सव्वाशेच्या आसपास लागतात. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावं आणि त्यानंतरच वरचं वजन चढवावं. वेल्डिंग येत नसेल तर १२ मिमीच्या नट-बोल्टने सगळे सांधे होतात. अँगलला आधी रेड ऑक्साइड लावून घ्यावा.

विटांच्या त्या पाच खांबांविषयी आग्रहाने सांगायला हवं, कारण खर्च वाचवताना तेच गाळले जातात. पाच टन कांद्याचं ओझं ६४ चौरस फूट तळावर येतं. मधल्या प्रत्येक तुळईवर सव्वा टन. चार फुटांच्या तुळईला मध्यभागी टेका नसेल तर अँगल वाकतो, तळ खोलगट होतो आणि कांदा मध्याकडे सरकून चेपतो. तुळईच्या बरोबर मध्याखाली नऊ इंची चौरस खांब, जमिनीत एक फूट आणि वर दोन फूट, एवढंच काम आहे.

दुसरी गाळली जाणारी वस्तू म्हणजे ताण. ढीग खाली दाबतो तसा बाहेरही ढकलतो. समोरासमोरच्या दोन खांबांना तळापासून अडीच फुटांवर १२ मिमीच्या सळईने बांधावं, सळईच्या दोन्ही टोकांना आटे पाडून नट आवळावेत. पाच चौकटींना पाच सळया. या नसतील तर भरल्यावर महिन्याभरात चाळीचं पोट सुटलेलं दिसतं, मग बाजूच्या फाड्या (बांबू उभा चिरून काढलेल्या पट्ट्या) निखळतात.

तळ आणि बाजूंना बांबू उत्तम. वीस फुटी ३५ ते ४० बांबू लागतील. तुळयांवर लांबीच्या दिशेने नऊ आख्खे बांबू सहा-सहा इंचांवर टाकावेत आणि त्यांवर आडव्या फाड्या, एक-एक इंच फट ठेवून. बाजूंना दोन खांबांच्या मध्ये दोन उभे आख्खे बांबू आणि त्यांच्या आतल्या अंगाला आडव्या फाड्या, दीड इंचाच्या फटीने. फाड्या बाहेरून बांधल्या तर कांद्याच्या रेट्याने तार तुटते, आतून असल्या तर रेटा उभ्या बांबूवर जातो. फाडीची गुळगुळीत बाजू कांद्याकडे असावी आणि प्रत्येक पेराची गाठ कोयत्याने तासून घ्यावी. गाठीच्या धारेने कांद्याला ओरखडा पडतो आणि काळी बुरशी तिथूनच शिरते. हात फिरवून कुसळ लागत नाही ना हे पाहावं. बांबू किमान तीन वर्षांचा, पक्व असावा. कोवळ्याला भुंगा लागतो आणि दुसऱ्या वर्षीच पिवळी भुकटी गळायला लागते. एका टोकाच्या फाड्या काढता-घालता येतील अशा ठेवल्या की माल काढायला सोपं जातं.

छपराला सिमेंटचा पत्रा घ्यावा, तीन मीटरी (१० फुटी) सहा पत्रे. पश्चिमेचा खांब जमिनीवर साडेआठ फूट आणि पूर्वेचा साडेनऊ फूट राहतो, त्यामुळे चार फुटांत एक फुटाचा उतार आपोआप मिळतो. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून पत्र्याची पागोळी त्या बाजूला पूर्ण तीन फूट पुढे यावी, पूर्वेला अडीच फूट पुरे. पर्लिनसाठी, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांसाठी, दीड इंची चौकोनी पाइप चार, प्रत्येकी वीस फुटी, जोड न देता आरपार: दोन खांबांच्या रेषेवर आणि दोन पागोळीच्या टोकापासून सहा इंच आत. टोकाचे पर्लिन वाचवले तर पुढे आलेला पत्रा वाऱ्याने फडफडतो आणि चिरतो.

भोकं नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावीत, खळग्यात कधीच नाही. खळग्यातून पाणी वाहतं. तिथल्या भोकातून थेंब-थेंब गळती लागली की त्याच्या बरोबर खाली ढिगात वरपासून तळापर्यंत सडीचा एक खांबच तयार होतो. खिळा ठोकून भोक पाडू नये, ड्रिलने बोल्टपेक्षा थोडं मोठं पाडावं आणि जे-हूकला (पत्रा पर्लिनला धरणाऱ्या वाकड्या बोल्टला) डांबरी वायसर घालावा. नट आवळताना वायसर बसला की थांबावं, जास्त पिळलं की पत्रा तडकतो. हूक ४८ लागतात, पन्नास-पंचावन्न आणावेत. सिमेंट पत्रा ग्राइंडरने कापू नये, ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. वरच्या मापात पत्रा कापावाच लागत नाही. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात तो वरच्या थरातला कांदा भाजून काढतो. तोच हाताशी असेल तर वर उसाच्या पाचटाचा जाड थर बांधून टाकावा.

चाळ कितीही चांगली असली तरी कच्चा कांदा टिकत नाही. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावं, निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी करावी, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा तीन ते पाच दिवस शेतात सुकवावा, मग मान एक ते दीड इंच ठेवून पात कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस ठेवावा. मान अगदी मुळाशी कापली तर तोंड उघडं राहतं. डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), जोडकांदा, जाड मानेचा आणि चिंगळी (अगदी बारीक कांदा) बाजूला काढून आधी विकावी, चाळीत मध्यम आकाराचाच कांदा जावा. लागवडीनंतर ६० दिवसांनी युरिया टाकलेल्या कांद्याच्या माना जाड राहतात, असा माल चाळीत भरूच नये. टिकवायला एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा किरण, भीमा शक्ती या जाती चांगल्या. गोणी उंचावरून ओतू नये. प्रत्येक आपटलेला कांदा जुलैत स्वतः सडतो आणि शेजारच्या चार कांद्यांना लागण देतो.

पावसात पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री सोडावी लागते, पण सर ओसरताच ती गुंडाळून वर बांधायची. जून ते सप्टेंबर कायम ताडपत्री लावून ठेवलेली चाळ आणि बंद खोली यांत फरक नाही. कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आर्द्रता यापेक्षा वर जाते, तेव्हा खेळता वारा हाच एक उपाय उरतो. खाण्याच्या कांद्यावर कसलीही कीटकनाशक पावडर मारू नये.

अनुदान घ्यायचं असेल तर सातबाऱ्यावर कांदा पिकाची नोंद हवी आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खड्डा खणावा. आधी बांधून मग अर्ज करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. अनुदान टनावर मोजलं जातं. माझी मागणी अशी की टनांइतकंच महत्त्व ढिगाच्या चार फूट रुंदीला, तळाखालच्या दोन मोकळ्या फुटांना आणि चाळीच्या दिशेला द्यावं, आणि ही तीन मापं टेप लावून तपासल्याशिवाय चाळ मंजूर करू नये. लहान शेतकऱ्याला पाच टनी एकपाखी चाळीचा आराखडा सामानाच्या यादीसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला मिळाला पाहिजे. आपल्या दैनिकानेही काढणीआधी, फेब्रुवारीत, असा मापांसह काढलेला आराखडा शेतीच्या पानावर छापावा. खड्डे, काँक्रीट आणि बांबूकाम धरून चाळीला तीन-चार आठवडे लागतात आणि एप्रिलमध्ये कांदा खळ्यावर असताना ते काम सुरू करून भागत नाही.

आपला,
एक कांदा उत्पादक
सिन्नर, जि. नाशिक