अपील करायचं, पण तोवर जगायचं कशावर?

संपादक महोदय,

मदतीच्या यादीची छाननी झाली, इतकी नावं वगळली, तिजोरीचे इतके पैसे वाचले, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : ज्यांना निर्णय मान्य नसेल त्यांनी अपील करावं. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

माझी नोकरी कागदांत गेली, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. दिव्यांग म्हणून मिळणारी मासिक मदत बंद झालेल्या एक बाई अशाच आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी प्रमाणपत्रं आणि घड्या घालून घालून घडीवर विरलेलं एक पत्र. कारण एका ओळीत, ‘निकषात बसत नाही.’ कुठल्या निकषात, ते नाही. खाली ३० दिवसांची मुदत, त्यातले २२ गेलेले. मी म्हटलं, अपील करू. त्यांनी विचारलं, ‘‘हरले तर आधी दिलेले पैसे परत मागतील का हो, भाऊ?’’ मला उत्तर देता आलं नाही.

पुढे काय काय लागलं ते सांगतो. नवा वैद्यकीय दाखला, त्यासाठी दोन खेपा. दर खेपेला सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडाला. झेरॉक्सचे तीन संच. सुनावणीची तारीख पडली, आम्ही गेलो, तर साहेब दौऱ्यावर. वकील लागला नाही, तरी बाईंना हातउसने घ्यावे लागले, कारण घर ज्या पैशांवर चालत होतं तेच बंद होते. शेवटी मदत सुरू झाली. मागच्या महिन्यांची थकबाकी मात्र अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

गरिबाला मोफत वकील द्या, हे आपण सगळेच म्हणतो. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये ते आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला व दिव्यांगांना तो हक्कही दिला आहे. पण निकाल लागेपर्यंत चूल कशी पेटायची, याचं उत्तर वकिलाकडे नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या खटल्यात नेमकं इथेच बोट ठेवलं. मदत तोडण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्या. आधी तोडून मग ऐकलंत, तर ज्याच्यावर तो जगतो तेच काढून घेऊन त्याला भांडायला लावता.

ब्रिटनने उलटी वाट धरली. २०१२ च्या कायद्याने कल्याणकारी मदतीच्या बहुतेक वादांतून सरकारी कायदेसाहाय्य काढून घेतलं. एप्रिल २०१३ पासून ते अमलात आलं. मात्र तिथल्या दिव्यांगांच्या ‘पिप’ भत्त्याच्या अपिलांमध्ये न्यायाधिकरणापर्यंत पोहोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण गेली कित्येक वर्षं जिंकत आले आहेत. मग जे तिथवर पोहोचलेच नाहीत, त्यांच्यातले किती जिंकले असते?

एका माणसाला आधार दिला की काय होतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे ‘रोबोडेट’ नावाच्या यंत्रणेने वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून लाखो लोकांना ‘तुम्ही जास्त मदत घेतलीत, परत करा’ अशा नोटिसा धाडल्या. पुष्कळांनी मुकाट्याने भरले. व्हिक्टोरिया राज्याच्या कायदेसाहाय्य संस्थेने एका महिलेचा दावा न्यायालयात नेला, आणि अशी वसुली वैध नाही हे २०१९ मध्ये सरकारलाच मान्य करावं लागलं. पुढच्या वर्षी सुमारे ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. एका दाव्याचा खर्च त्यापुढे किती असेल?

अपील चालू असताना पैसे मिळू लागले की ऊठसूट कुणीही अपील करेल, असा आक्षेप येतोच. ज्यांनी सरकारी कचेरीच्या बाकावर एक अख्खा दिवस काढला आहे, त्यांना तो पटणार नाही. हौसेने कुणी तिथे बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मुदतीत अपील केलेल्याची मदत निकालापर्यंत चालू राहावी, आणि तो हरला तरी, त्याने जाणूनबुजून फसवलेलं नसेल, तर त्या महिन्यांची वसुली नको. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. तिच्याशिवाय चालू राहिलेली मदत म्हणजे नुसतं कर्ज, आणि कर्जाच्या भीतीने लोक अपीलच करत नाहीत. दाखला, झेरॉक्स, प्रवास आणि बुडालेला रोज यांसाठी छोटी रक्कम अपील दाखल होताच हातात मिळावी. पावत्या लावून सहा महिन्यांनी नव्हे. आणि हे सगळं मदत बंद झाल्याच्या पत्रातच, ‘अपील करावं’ या वाक्याला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेलं असावं.

आपला,
एक वाचक