टॉमस रोच्या वाटेवरचा खानदेश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोगल बादशहा जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्लंडच्या राजाचा वकील (राजदूत) सर टॉमस रो याच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे. पण त्यात रो सप्टेंबर १६१५मध्ये सुरतेला उतरतो आणि पुढच्याच परिच्छेदात अजमेरला जहांगीरसमोर उभा राहतो. मधला रस्ता कुठे गेला? तो रस्ता आमचा आहे. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असे मुक्काम करत तो नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला, आणि त्याच्या रोजनिशीत हे सगळे नोंदवलेले आहे.

सारा मुलूख दरिद्री, गावे मातीची, माणसाने पाठ टेकावी असे घर नाही, ही त्याची तक्रार. पण एका दिवशी धान्य लादलेले १०,००० बैल एकाच तांड्यात वाटेत भेटले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. लहान तांडे तर नेहमीचेच. एवढे धान्य रस्त्यावर, मग गावांत दैन्य का? हे धान्य कोणाचे आणि कोणासाठी? बऱ्हाणपुरात तेव्हा जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ दख्खनच्या मोहिमेसाठी फौज घेऊन बसला होता, समोर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर होता. मी इतिहास शिकवतो. खानदेशच्या मुलांना विचारात पाडायला या चार ओळी पुरतात.

परवेझच्या दरबारात रोला जमिनीला डोके टेकवायला सांगितले गेले. हा रिवाज चाकरांसाठी आहे, मी वकील म्हणून आलो आहे, असे सांगून त्याने साफ नकार दिला. खुर्ची मागितली, ती मिळाली नाही; खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा तेवढी मिळाली. अजमेरच्या प्रसंगांइतकाच हा प्रसंगही सांगण्याजोगा आहे.

लेखात रोला इंग्रजी राज्याचा पाया घालणारा म्हटले आहे, ते मात्र मला पटत नाही. नफा हवा असेल तर समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधा, हिंदुस्थानात ठाणी आणि जमिनीवरच्या लढाया ही चूक ठरेल, असे त्याने ईस्ट इंडिया कंपनीला स्पष्ट बजावले होते. शिवाय इथले दिवस म्हणजे त्याचे सारे आयुष्य नव्हे. आधी ॲमेझॉनच्या मुखापर्यंतची सफर, १६१४मध्ये पार्लमेंटचे सभासदत्व, नंतर १६२१ ते १६२८ इस्तंबूलची वकिली, १६४०मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून पुन्हा पार्लमेंट. राजा आणि पार्लमेंट यांच्यातले युद्ध चालू असतानाच १६४४मध्ये तो वारला.

रोजनिशीतली नवापूर ते बऱ्हाणपूर ही पाने टिपांसह मराठीत यायला हवीत. उत्तर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम अंगावर घ्यावे आणि आपल्या पुरवणीने ती क्रमशः छापावीत, ही विनंती.

– एक इतिहास शिक्षक, शिरपूर (जि. धुळे)